पैनगंगेपलीकडील बारावी : शाळाबदल, प्रादेशिक कोटा आणि यवतमाळ जिल्ह्यातील वैद्यकीय प्रवेश (१९५३–२०२०)

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी उमरखेड, महागाव आणि पुसद हे दक्षिणेकडील तालुके जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दूर पडतात. उमरखेडच्या रहिवाशाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ आहे. बाजारहाट, मोठा दवाखाना, रेल्वे, सोयरीक या सर्व व्यवहारांसाठी हा प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या पैनगंगा ओलांडून नांदेडकडे जात आला आहे. दहावीनंतरच्या विज्ञान शिक्षणासाठीही तो त्याच रस्त्याने जाऊ लागला, यात अस्वाभाविक असे काहीच नव्हते. परंतु बाजाराला नांदेडला गेलेला माणूस संध्याकाळी वैदर्भीय म्हणूनच घरी परत येत असे. अकरावीला नांदेडला गेलेला विद्यार्थी मात्र दोन वर्षांनी मराठवाड्याचा होऊन परतत असे. हा बदल त्याच्या बोलीत किंवा घराच्या पत्त्यात होत नव्हता. तो वैद्यकीय प्रवेशाच्या गुणवत्ता यादीतील प्रदेशाच्या रकान्यात होत होता.

महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशासाठी अनेक वर्षे लागू असलेले आणि २०२० मध्ये रद्द झालेले ७०:३० हे सूत्र सर्वपरिचित आहे. या सूत्राची चर्चा आजवर प्रामुख्याने विदर्भ विरुद्ध मराठवाडा, किंवा मागास प्रदेश विरुद्ध उर्वरित महाराष्ट्र अशा प्रदेशांच्या भांडणाच्या स्वरूपात झाली. सीमेवरील विद्यार्थ्यांचा विचार त्या चर्चेत क्वचितच झाला. प्रस्तुत निबंधात या सूत्राचा इतिहास त्या विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. १९५३ च्या नागपूर कराराने प्रादेशिक न्यायाचे माप म्हणून लोकसंख्या धरली होती. प्रत्यक्ष प्रवेशनियमांत त्या लोकसंख्येची जागा शाळेच्या स्थानाने घेतली. माप बदलल्यामुळे, ज्या प्रदेशातील उणिवेवर उपाय म्हणून हे संरक्षण आले होते, त्याच उणिवेमुळे शाळा बदलणारा विद्यार्थी संरक्षणाच्या बाहेर गेला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

नदी आणि सीमा

पैनगंगा ही केवळ भौगोलिक रेषा नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला आणि नदीच्या दोन काठांवर दोन राज्यव्यवस्था उभ्या राहिल्या. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात झालेल्या करारानुसार वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे आला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. उत्तर काठावर मराठी शाळा, पुढे अमरावती-नागपूरची महाविद्यालये आणि १९२३ पासून नागपूर विद्यापीठ. दक्षिण काठावर निजामाच्या राज्यातील उर्दूचे प्राबल्य आणि १९१८ पासून उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. त्या काळात नदी ओलांडून शाळा बदलणे म्हणजे शिक्षणाची भाषाच बदलणे होते. साहजिकच शिक्षणाचा ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे असण्याची शक्यता अधिक होती. आजचे चित्र त्याच्या नेमके उलट आहे, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. पैनगंगा राज्याची सीमा राहिली नाही; ती दोन विभागांची सीमा झाली. उत्तर काठ अमरावती महसूल विभागात, दक्षिण काठ तत्कालीन औरंगाबाद विभागात. शालान्त परीक्षांच्या बाबतीत यवतमाळ जिल्हा अमरावती विभागीय मंडळाकडे, तर नांदेड लातूर विभागीय मंडळाकडे. विद्यापीठांचेही तसेच. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले आणि यवतमाळ त्याच्या कार्यक्षेत्रात आला. नांदेड १९५८ च्या मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत होते, ते १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे गेले. सर्वच यंत्रणांनी ही सीमा मानली असेही नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर उमरखेड विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभा मतदारसंघात आहे. म्हणजे दिल्लीत प्रतिनिधी पाठवताना उमरखेड मराठवाड्याच्या सोबत, आणि डॉक्टर होऊ पाहताना विदर्भाच्या सोबत.

करारातील लोकसंख्या

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर येथे झालेल्या करारावर भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, देवीसिंग चौहान आदी नेत्यांच्या स्वाक्षऱ्या आहेत. नियोजित राज्याचे महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक कराराने गृहीत धरले. विकासखर्च, शासकीय नोकऱ्या यांच्या जोडीने व्यावसायिक, वैज्ञानिक व विशेष प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षणसंस्थांतील प्रवेश तिन्ही घटकांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात दिले जातील, अशी हमी त्यात होती. या कलमातील माप लोकसंख्येचे आहे, हे अधोरेखित करणे आवश्यक आहे. विद्यार्थी कोणत्या शाळेत शिकला हा प्रश्न १९५३ मध्ये कोणाच्याही मनात नव्हता, आणि त्या काळच्या परिस्थितीत तो असण्याचे कारणही नव्हते. माणूस जेथील, शाळाही तेथीलच, असे सरसकट मानता येण्याजोगे ते दिवस होते.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि तांत्रिक शिक्षण व व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची समन्यायी व्यवस्था, याविषयीची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद त्यात आहे. प्रत्यक्षात ही मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. मधल्या काळात, १९८४ मध्ये, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने प्रादेशिक अनुशेषाची मोजणी केली. अनुशेष हा शब्द वैदर्भीय राजकारणात रुजला तो याच अहवालामुळे. परंतु अनुशेष मोजताना रस्ते, सिंचन, विहिरींचे विद्युतीकरण यांची जी काटेकोर गणती झाली, तशी गणती विद्यार्थ्यांच्या स्थलांतराची झाली नाही. विद्यार्थी कोठे राहतो आणि कोठे शिकतो यांत अंतर पडू लागले होते, हे कोणत्याही रकान्यात नोंदले गेले नाही.

नियमातील शाळा

शाळेचे स्थान हे माप प्रवेशनियमांत कसे आले, याचे उत्तर बव्हंशी न्यायालयीन इतिहासात सापडते. १९६८ मध्ये पी. राजेंद्रन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातील वैद्यकीय जागांची जिल्हावार वाटणी अवैध ठरवली. १९७१ मध्ये पेरियाकरुप्पन प्रकरणात घटकनिहाय निवड रद्द झाली. त्याच वर्षी डी. एन. चंचला प्रकरणात मात्र म्हैसूर राज्यातील विद्यापीठनिहाय वाटणी न्यायालयाने मान्य केली. या निर्णयांतून राज्यशासनांनी घेतलेला धडा असा की, जिल्हा हा आधार न्यायालयात टिकत नाही, शिक्षणसंस्था हा आधार टिकतो. प्रशासनाच्या दृष्टीनेही शाळा हा आधार सोयीचा होता. रहिवासाचे दाखले मिळवता येतात आणि त्यांची शहानिशा करणे कठीण असते. गुणपत्रिकेवरील केंद्र व संस्था मात्र मंडळाच्या नोंदींशी ताडून पाहता येते. एका अर्थी हा निवाडा प्रामाणिक उमेदवाराच्या हिताचाच होता, हे नाकारता येणार नाही.

१९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशांतील भूमिपुत्रवादावर कठोर टीका केली आणि राज्यातील रहिवासी किंवा त्याच संस्थांत शिकलेले यांच्यासाठीच्या राखीव जागांना मर्यादा घातली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात प्रश्न थेट महाराष्ट्राच्या अंतर्गत प्रदेशांचा आला. एखाद्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील शाळा-महाविद्यालयांतून शिकलेल्यांनाच त्या क्षेत्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश देण्याच्या राज्याच्या नियमाला तेथे आव्हान देण्यात आले होते. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने प्रादेशिक प्राधान्य तत्त्वतः मान्य केले, पण ते शंभर टक्के असू शकत नाही असे स्पष्ट केले. इतर वैध आरक्षणे वजा जाता उरणाऱ्या खुल्या जागांच्या ७० टक्क्यांपर्यंतच असे प्राधान्य देता येईल, ही मर्यादा न्यायालयाने आखून दिली.

महाराष्ट्राच्या चर्चाविश्वात ७०:३० हे सूत्र नागपूर कराराचे अपत्य म्हणून सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. कराराची प्रेरणा त्यामागे आहे, पण आकडा न्यायालयाचा आहे आणि तोही कमाल मर्यादा म्हणून दिलेला. शासनाने मर्यादेचेच प्रमाण केले. लोकसंख्येचे प्रमाण मागे पडले. सत्तर हा आकडा तिन्ही प्रदेशांना सारखाच लागू झाला, मग त्या प्रदेशात महाविद्यालये किती आणि लोकसंख्या किती याचा हिशेब कोणी विचारला नाही. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी पुढे जी तक्रार सातत्याने मांडली, तिचे मूळ येथे आहे. ज्या प्रदेशात जागा मुळातच कमी, त्या प्रदेशाच्या वाट्याला कमी जागांचे सत्तर टक्के आले.

१९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील सर्व वैद्यकीय महाविद्यालये एकाच विद्यापीठाशी संलग्न झाली. विद्यापीठाचे क्षेत्र हा आधार त्यामुळे निरर्थक झाला. त्याची जागा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या, विकास मंडळांच्या क्षेत्रांशी जुळणाऱ्या, तीन प्रदेशांनी घेतली. उमेदवाराचा प्रदेश ठरवण्याची कसोटी मात्र जुनीच राहिली. बारावी ज्या संस्थेतून उत्तीर्ण झाली त्या संस्थेचे ठिकाण हाच उमेदवाराचा प्रदेश. आईवडील कोठे राहतात, जन्म कोठे झाला, पहिली ते दहावी कोठे झाली, या गोष्टी प्रदेशनिश्चितीत गौण ठरल्या. दहा वर्षांच्या शालेय शिक्षणावर दोन वर्षांनी मात केली.

दोन काठांवरची दोन महाविद्यालये

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आणि यवतमाळचे १९८९ मध्ये सुरू झाले. नांदेडच्या महाविद्यालयाला शंकरराव चव्हाण यांचे, तर यवतमाळच्या महाविद्यालयाला पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांचे नाव आहे. एका वर्षाच्या अंतराने उभी राहिलेली ही दोन महाविद्यालये एकाच महामार्गावरच्या दोन शहरांत आहेत. उमरखेड आणि महागाव त्यांच्या मधोमध येतात. वैद्यकीय शिक्षणाच्या सोयीच्या दृष्टीने हा प्रदेश वंचित होता असे १९८९ नंतर म्हणता येत नाही. वंचना होती ती एक पायरी खाली, अकरावी-बारावीच्या विज्ञान शिक्षणात.

१९७५ मध्ये दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावी ही दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयांकडे किंवा माध्यमिक शाळांना जोडलेल्या उच्च माध्यमिक वर्गांकडे गेली. पुसद, उमरखेड, दिग्रस येथे असे वर्ग होते. त्यांतून गुणवंत विद्यार्थीही बाहेर पडले. परंतु १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि पाठोपाठ दयानंद महाविद्यालयाने बारावीच्या गुणवत्ता यादीत जे यश मिळवले, त्याने संपूर्ण राज्यातील पालकांची अपेक्षा बदलली. लातूर पॅटर्न हा शब्द शिक्षणक्षेत्रात रूढ झाला. सरावपरीक्षा, जादा तासिका, प्रश्नपत्रिकांचे विश्लेषण आणि वसतिगृहातील शिस्त यांवर आधारलेली ती पद्धत होती. पुढे सामाईक प्रवेश परीक्षा आल्या, तसा भर महाविद्यालयांकडून खासगी शिकवणी वर्गांकडे सरकला आणि नांदेड हे त्याचे दुसरे मोठे केंद्र झाले. उमरखेडच्या पालकाला लातूर दूर होते. नांदेड दीड-दोन तासांवर होते. खोली भाड्याने घेऊन आई किंवा आजी मुलासोबत राहणे, आणि वडिलांनी शेती किंवा नोकरी सांभाळून शनिवारी डबा व धान्य घेऊन जाणे, हे दक्षिण यवतमाळमधील असंख्य कुटुंबांचे दोन वर्षांचे वेळापत्रक झाले.

या निर्णयाचा प्रवेशावर होणारा परिणाम आकड्यांत मांडल्यास अधिक स्पष्ट होतो. एखाद्या शासकीय महाविद्यालयात १०० जागा आहेत असे उदाहरणादाखल मानू. अखिल भारतीय कोट्याच्या १५ जागा वगळता ८५ उरतात. त्यांच्या ७० टक्के म्हणजे सुमारे ६० जागा त्या प्रदेशातून बारावी झालेल्यांसाठी, आणि सुमारे २५ बाहेरच्यांसाठी. उमरखेडचा विद्यार्थी उमरखेडहून बारावी झाला, तर यवतमाळ, नागपूर, अकोला येथील महाविद्यालयांत तो ६० च्या रांगेत उभा राहत असे. तोच विद्यार्थी नांदेडहून बारावी झाला, तर स्वतःच्या जिल्ह्यातील महाविद्यालयात तो २५ च्या रांगेत जाई, आणि तेथे त्याची स्पर्धा मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांशी असे. मोबदल्यात त्याला नांदेड, औरंगाबाद, अंबाजोगाई, लातूर येथील ६० ची रांग मिळे. परंतु ती रांग लातूर आणि नांदेड या दोन शिकवणी-केंद्रांतील विद्यार्थ्यांनी भरलेली होती. चांगल्या शिकवणीसाठी जेथे जायचे, तेथील चांगल्या शिकवणीने तयार झालेले सर्वजण त्याच रांगेत, असा हा पेच होता. नागपुरात १९४७ आणि १९६८ पासून दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होती. विदर्भाच्या रांगेतून बाहेर पडणाऱ्याने त्या दोन्हींतील प्राधान्य गमावले, हे वेगळे सांगावयास नको.

उलट दिशेचा विद्यार्थीही होता. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे ठिकाण नांदेडपेक्षा यवतमाळला जवळ आहे. माहूर-किनवट भागातील जो विद्यार्थी आर्णी किंवा पुसद येथे शिकला, तो बारावीनंतर विदर्भाचा झाला. त्याचा फायदा झाला की तोटा, हे त्या वर्षीच्या गुणवत्ता यादीवर अवलंबून होते. परंतु त्यानेही आपला प्रदेश निवडला नव्हता, बसची वेळ निवडली होती.

टेक्सासचे उदाहरण

शाळेच्या स्थानावर प्रवेश अवलंबून ठेवला की पालक शाळा बदलतात, हा अनुभव अन्यत्रही आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये कायदा करून प्रत्येक माध्यमिक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेशाची हमी दिली. ज्युली कलन, मार्क लाँग आणि रँडल रीबॅक या अर्थशास्त्रज्ञांनी या कायद्याचा अभ्यास केला. पहिल्या दहा टक्क्यांत येणे सोपे जावे म्हणून काही विद्यार्थी तुलनेने कमी स्पर्धेच्या शाळा निवडू लागले, असे त्यांना आढळले. चीनमध्येही महाविद्यालयीन प्रवेशाच्या जागा प्रांतवार ठरतात, आणि कमी स्पर्धेच्या प्रांतात नाव नोंदवण्यासाठी होणाऱ्या स्थलांतराला तेथे स्वतंत्र नावच आहे.

यवतमाळची स्थिती याहून निराळी आहे. टेक्सासमधील विद्यार्थी नियमाचा लाभ घेण्यासाठी शाळा बदलत होता. उमरखेडचा विद्यार्थी शिकण्यासाठी शाळा बदलत होता आणि नियमाचा फटका त्याला नंतर कळत होता. माहिती असलेली कुटुंबे आणि माहिती नसलेली कुटुंबे यांतील दरी येथे निर्णायक ठरली. ज्यांच्या घरात आधीच कोणी प्राध्यापक, डॉक्टर किंवा मंत्रालयातील कर्मचारी होते, त्यांना हा नियम दहावीच्या सुट्टीतच ठाऊक असे. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्याला तो पर्यायक्रम भरताना समजे, आणि तोवर गुणपत्रिकेवर लातूर विभागीय मंडळाचे नाव उमटलेले असे.

जाणकारांनी काढलेले मार्ग

नियम माहीत असलेल्यांनी दोन मार्ग काढले. पहिला मार्ग काळाचा होता. प्रदेश बारावीच्या संस्थेवरून ठरत असल्यामुळे, बारावी गावी करून त्यानंतर एक वर्ष नांदेड किंवा लातूरला प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी घालवले, तर विदर्भाचा प्रदेश कायम राहत असे. नदी बारावीपूर्वी ओलांडली तर प्रदेश बदले, बारावीनंतर ओलांडली तर बदलत नसे. या मार्गाची किंमत म्हणजे आयुष्यातील एक वर्ष आणि त्या वर्षाचा खर्च. मुलाच्या बाबतीत अनेक पालकांनी ती दिली. मुलीच्या बाबतीत देताना हात आखडला असेल, तर आपल्या समाजात त्याचे आश्चर्य वाटू नये.

दुसरा मार्ग नावापुरत्या प्रवेशाचा. गावच्या किंवा जवळपासच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर नाव ठेवायचे, प्रात्यक्षिक परीक्षेला व लेखी परीक्षेला तेवढे यायचे, आणि वर्षभर नांदेड, लातूर, हैदराबाद किंवा कोटा येथे शिकवणी लावायची. ही प्रथा केवळ विदर्भात होती असे नाही आणि केवळ प्रादेशिक कोट्यामुळे वाढली असेही नाही. राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण होण्याची अट होती. त्यामुळे कोट्याला जाणाऱ्यालाही महाराष्ट्रातील पटावर नाव हवेच असे. २०१८ मध्ये शासनाने राज्यातील काही विभागांत विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच प्रथेला आळा घालण्यासाठी. तथापि या प्रथेने जे नुकसान केले ते हजेरीपुरते नव्हते. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयाचा पट भरलेला आणि वर्ग रिकामा राहिला. अनुदान, तुकडी आणि पदे टिकली; शिकवण्याची सवय मात्र सुटत गेली. ज्या वर्गाच्या दुबळेपणामुळे विद्यार्थी नदीपलीकडे गेले, तो वर्ग त्यांच्या जाण्याने आणखी दुबळा झाला. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी या बाबीकडे अधिक गांभीर्याने पाहण्याची गरज आहे, कारण पदवीच्या पहिल्या वर्षात येणारा विद्यार्थी याच वर्गातून येतो.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांच्या मुलांचा प्रश्न तर त्याहून अवघड. पोलीस, बँक, महसूल, राज्य परिवहन या खात्यांतील कर्मचाऱ्यांची बदली मुलाच्या अकरावीची वाट पाहत नाही. राज्याबाहेर शिकावे लागलेल्या एका सीमा सुरक्षा दल कर्मचाऱ्याच्या मुलाचा राज्य कोट्यातील हक्क २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. असा दिलासा मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ लागते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

२०२० चे पाच दिवस

२०१३ मध्ये नीट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतल्यानंतर ती परत आली. २०१७ पासून महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेश पूर्णतः नीटवर होऊ लागले. परीक्षा देशभर एकच असताना राज्यात प्रदेशानुसार वेगवेगळी गुणरेषा का, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाला. मराठवाड्यातील विद्यार्थी, पालक व लोकप्रतिनिधींनी ७०:३० विरुद्ध आवाज उठवला. अधिक गुण असूनही प्रवेश नाकारला जातो, ही त्यांची तक्रार होती. विदर्भातील प्रतिनिधींचे म्हणणे असे की, मागास भागातील विद्यार्थ्यांना हे एकमेव संरक्षण आहे, आणि स्थानिक विद्यार्थी डॉक्टर झाला तरच तो स्थानिक रुग्णालयात टिकतो. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

अनुच्छेद ३७१(२) खालील विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यानंतर चार महिन्यांनी, ८ सप्टेंबर २०२० रोजी, तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळाच्या अधिवेशनात ७०:३० सूत्र रद्द झाल्याची घोषणा केली. यापुढे राज्यभर एकच गुणवत्ता यादी राहणार होती. नीटची परीक्षा १३ सप्टेंबर रोजी होती. निर्णय आणि परीक्षा यांत पाच दिवसांचे अंतर होते.

या पाच दिवसांचा अर्थ सीमेवरील कुटुंबांसाठी विशेष होता. २०२० मध्ये बारावी झालेल्या विद्यार्थ्याने २०१८ च्या जूनमध्ये अकरावीचे ठिकाण निवडले होते. विदर्भाचा प्रदेश टिकावा म्हणून ज्याने नांदेडची शिकवणी सोडून उमरखेड किंवा पुसदला प्रवेश घेतला, त्याने दोन वर्षे ज्या लाभासाठी गैरसोय सोसली तो लाभ परीक्षेच्या आठवड्यात नाहीसा झाला. प्रदेश गमावण्याची जोखीम पत्करून जो नांदेडला गेला होता, त्याची जोखीम त्याच दिवशी संपली. नियम बदलणे हा शासनाचा अधिकार आहे आणि एकच गुणवत्ता यादी असावी हे मतही समर्थनीय आहे. परंतु पुढील अकरावीच्या तुकडीपासून बदल लागू केला असता, तर ज्यांनी जुन्या नियमावर विसंबून शाळा निवडली होती त्यांच्यावर अन्याय झाला नसता. शाळाबदलाचा निर्णय मागे घेता येत नाही, ही साधी गोष्ट धोरणकर्त्यांच्या लक्षात आली नाही, किंवा आली असल्यास तिला महत्त्व दिले गेले नाही.

वैद्यकीय प्रवेशातून प्रदेश गेला तरी शाळेच्या स्थानाचे माप सर्वत्र संपले असे नाही. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात होम युनिव्हर्सिटीची कल्पना २०२० नंतरही राहिली. तेथे उमरखेडहून बारावी झालेला अमरावती विद्यापीठाचा आणि नांदेडहून झालेला नांदेड विद्यापीठाचा उमेदवार धरला गेला. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. कोणत्या तालुक्यातील विद्यार्थी कोणत्या जिल्ह्यात अकरावीला जातो, याची नोंद त्यामुळे प्रथमच एका ठिकाणी उपलब्ध होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

त्यापूर्वीच्या काळासाठी अभ्यासकाला उमरखेड, महागाव, पुसद येथील जुन्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरांकडेच वळावे लागेल. शाळा सोडल्याचा दिनांक आणि कारण त्यांत ओळीने नोंदलेले असते. त्याच ओळीत विद्यार्थ्याचे जन्मस्थळही असते : गाव, तालुका, जिल्हा. तेथून दाखल्यावर उतरलेले हे तीन शब्द प्रत्येक उमेदवाराने प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांसोबत जोडले होते. प्रदेश ठरवताना त्या ओळीकडे पाहण्याची तरतूद नियमात नव्हती.